खुर्चीवरचा कोबी

माझ्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात नाट्यगृहातली एक खुर्ची होती आणि तिच्यावर कोबी बसायचा. कधी कोबी, कधी धुतलेले मोजे, कधी महिनाभराची वर्तमानपत्रं. माणूस मात्र कधीच नाही. लाल मखमल, लोखंडी पाय आणि पाठीवर पितळेचा नऊचा आकडा. अमेरिकेत ॲन आर्बरमधलं ते घर बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा चालून चालून दमले होते. कोबी जरा बाजूला सारून टेकणार, तोच म्हातारबुवा ओरडले, "नॉट देअर!" मी अशी उठले की कोबी गडगडत फ्रिजपर्यंत गेला. मला वाटलं, बायकोची आठवण वगैरे असेल, आपण उगाच भलत्या जागी बसलो.

तसलं काही नव्हतं. जर्मनीतल्या एका मध्यम गावच्या नाट्यगृहात ते एकोणीस वर्षं दिग्दर्शक होते. तिथे नवव्या रांगेतली कडेची खुर्ची दिग्दर्शकासाठी राखलेली असे. हे गृहस्थ एकाही पहिल्या प्रयोगाला तिच्यावर बसले नाहीत. तिसरी घंटा झाली की कोट चढवायचा, बाहेर पडायचं आणि नाटक संपेपर्यंत इमारतीला फेऱ्या घालायच्या, हा त्यांचा नेम. त्यांनी नोकरी सोडली तेव्हा तिथल्या नटमंडळींनी ती खुर्ची स्क्रू काढून उपटली आणि निरोपाची भेट म्हणून त्यांच्या हवाली केली. "मखमल बघ, अजून नवी आहे," ते मला म्हणाले. "दे वेअर व्हेरी फनी पीपल." हे सांगताना ते हसत नव्हते, कोबी चिरत होते.

माझं नाव त्यांना उच्चारता येईना. तीनदा प्रयत्न करून त्यांनी तो नाद सोडला आणि मी वर राहणार म्हणून मला 'अपस्टेअर्स' म्हणायला लागले. म्हणजे वरचा मजला. मी फोनवर आईला हे सांगितलं, तर सांगलीहून तिचा ताबडतोब प्रश्न, "रिकामा आहे हे त्यांना इतक्या लवकर कसं गं कळलं?"

जर्मन माणूस म्हणजे घड्याळ, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. हे एक तर तासभर आधी यायचे किंवा यायचेच नाहीत. बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. जेवायचे उभ्यानं, पेपर वाचायचे चालता चालता, आणि बसमधून दोन स्टॉप आधी उतरायचे, कारण आपल्या स्टॉपपर्यंत बसवायचं नाही. मी तिथे राहिले त्या दोन वर्षांत जेवणाचं टेबल चार खोल्यांतून फिरून आलं. सकाळी चहा करायला खाली यावं तर टेबल खिडकीशी, संध्याकाळी ऑफिसमधून यावं तर जिन्याखाली. माझे व्हिसाचे कागद तेव्हा कुठेतरी अडकलेले होते आणि मी स्वतःच पिंजऱ्यात असल्यासारखी वागत होते. त्यात हा माणूस खाली सतत काहीतरी सरकवत असायचा. मी चिडून खाली जायची आणि टेबलाचं दुसरं टोक धरून परत यायची.

त्यांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांत कळली, तीही शेगडीपाशी. सोळाव्या वर्षी पडदा ओढण्याच्या कामावर लागले. पडदा चुकीच्या वेळी पाडला म्हणून हाकलले गेले. तो तिथेच पडायला हवा होता, हे त्यांचं मत शेवटपर्यंत कायम होतं. पुढे नाटकं बसवायला लागले. तीन सिनेमे काढले. पहिल्यात एका रेल्वे स्टेशनवर कुणीच गाडीत चढत नाही, दुसरा पाहताना प्रेक्षक झोपले, आणि तिसरा ते चार वर्षं कापत बसले, इतका की शेवटी दाखवण्याजोगा उरलाच नाही. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांवर फिल्म करायची म्हणून कुणीतरी अमेरिकेत बोलावलं. ते आले आणि बोलावणाराच नाहीसा झाला. मग इथल्या युनिव्हर्सिटीत नाटक शिकवून निवृत्त झाले. चाळीस-पन्नास नाटकं बसवलेल्या या माणसाला कुठल्या नाट्यगृहामागे बेकरी आहे, कुठे कचऱ्याचे डबे ठेवतात, कुठल्या भिंतीला ओल आहे, हे सगळं तोंडपाठ. आपली नाटकं शेवटी कशी दिसली, एवढंच काय ते माहीत नव्हतं.

"पण बाहेर का जाता?" मी एकदा वैतागून विचारलं.

"चूक दिसते आणि थांबवता येत नाही," ते म्हणाले. "तालमीत मी म्हणू शकतो, पुन्हा. प्रयोगात कसं म्हणणार?"

आता आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाकडे येते. मी सांगलीची, म्हणून नाटक माझ्या रक्तात असणार, हे मंडळानं मला न विचारताच ठरवून टाकलं. मला अभिनय येत नाही हे दुसऱ्या वाक्याला सगळ्यांच्या लक्षात आलं, तेव्हा माझ्या हातात वही देऊन मला प्रॉम्प्टर केलं. मंडळातल्याच एकीनं लिहिलेलं नाटक होतं. एक माणूस भांडून घरातून जातो आणि बारा वर्षांनी बहिणीच्या दारात येऊन उभा राहतो, एवढीच गोष्ट. भावाचं काम मिलिंदकडे. हा नागपूरचा, जवळच्या नोव्हाय गावात गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. रविवारी दुपारी आम्ही सहा जण माझ्या वरच्या खोलीत तालीम करत होतो. तेवढ्यात खालून झाडूच्या दांड्यानं छत बडवल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि दारात म्हातारबुवा, हातात झाडू.

मी घाईघाईनं सॉरी म्हणायला लागले. ते माझ्याकडे बघेनातच. सगळ्यांच्या पायांकडे बघत होते.

"दारातून जो आत येतो तो कोण?" त्यांनी विचारलं.

मिलिंदनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"तू खोटं चालतोस. तासभर मी खालून ऐकतोय."

एक शब्द मराठी कळत नसताना, छतातून नुसती पावलं ऐकून त्यांनी आमचं नाटक पकडलं होतं. मिलिंद माझ्या कानाशी कुजबुजला, "अबे यार, हा माणूस डेंजर आहे." त्या दिवसापासून ते आमचे दिग्दर्शक झाले. कुणी नेमलं नव्हतं आणि नको म्हणायची कुणाची हिंमतही नव्हती.

तालमीला ते भिंतीच्या कडेनं चालत राहायचे. रिहर्सलला तुमच्यात काय म्हणतात, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, तालीम, आणि आमच्याकडे पैलवान कुस्ती करतात त्या जागेलाही तालीमच म्हणतात. ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी सगळं फर्निचर भिंतीला लावून त्यांनी मिलिंद आणि त्याच्या बहिणीचं काम करणारी अनघा यांना एकमेकांचे खांदे धरून ढकलत संवाद म्हणायला लावले. अनघाचा नवरा तिला न्यायला आला होता. तो बराच वेळ दारातच थांबला.

आणि त्यांचा तो शब्द. काही बिघडलं की ते ओरडायचे, "नॉख माल!" जर्मनमध्ये याचा अर्थ पुन्हा एकदा. दर दोन मिनिटांनी नॉख माल. आम्ही सगळे तो शिकलो, फक्त काकूंना कुणी सांगितलं नाही. काकू म्हणजे मिलिंदची आई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या. त्या दर रविवारी डबाभर आलूबोंडे करून आणायच्या, आम्ही सांगलीकर ज्याला बटाटेवडा म्हणतो ते. सगळ्यांना वाढत वाढत त्या म्हाताऱ्यांपाशी जायच्या, बशी पुढे करायच्या, आणि नेमके तेव्हाच हे मिलिंदकडे बघून गरजायचे, "नॉख माल!" काकू बशी मागे घ्यायच्या. तीन आठवडे हे असं चाललं. शेवटी एके दिवशी म्हाताऱ्यांनी मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, "तुमच्यात दिग्दर्शकानं उपाशी राहायचं असतं का? माझी तक्रार नाही. मला पद्धत समजून घ्यायची आहे."

मी काकूंना गाठलं. काकू म्हणाल्या, "मी तर दरवेळी देते ना बाई! तोच म्हणते, नको माल, नको माल."

खरं काय ते कळलं तेव्हा काकूंनी डोक्याला हात लावला आणि त्यांच्यापुढे एकदम पाच बोंडे ठेवले. त्यांनी ते उभ्यानं खाल्ले, फिरत फिरत, शेवटचा जिन्यात.

मिलिंदची दारातून यायची जागा मात्र काही केल्या जमेना. तो झपकन आत यायचा. म्हातारे म्हणायचे, "तू किल्ली असलेल्या माणसासारखा येतोस. बारा वर्षं जो आला नाही, त्याच्याकडे किल्ली नसते." मिलिंद वैतागायचा, "काका, स्टेजवर कुलूपच नाहीये, काय फरक पडतो?" ते म्हणायचे, "नॉख माल." एका रविवारी त्यांनी तो प्रवेश सव्वीस वेळा करून घेतला.

प्रयोगाला तीन आठवडे राहिले होते. मी ऑफिसमधून आले तर ते कोबी समोर घेऊन नुसते उभे, सुरी हातात, चिरत नव्हते.

"माझी मुलगी येतेय," ते म्हणाले. "शिकागोला काही काम आहे तिचं. मी फोनवर म्हणालो, नाटक करतोय. ती म्हणाली, मग येते."

त्यांना मुलगी आहे हेच मला त्या दिवशी कळलं. ती पूर्वी नटी होती. त्यांनी जर्मनीत बसवलेल्या शेवटच्या नाटकात तिचं मुख्य काम होतं. तिकडे पहिल्या प्रयोगाच्या शेवटी नट विंगेत जाऊन दिग्दर्शकाला हात धरून रंगमंचावर आणतात. ती गेली, हात पुढे केला. विंगेत कुणीच नव्हतं. हे बाहेर, आठव्या की नवव्या फेरीत. ती हात तसाच ठेवून उभी राहिली. लोकांना वाटलं ही गंमत आहे, लोक हसले. त्यानंतर तिनं नाटक सोडलं आणि लोकांचे आखडलेले गुडघे सरळ करण्याचं शिक्षण घेतलं. बापलेकींचं बोलणं दर रविवारी व्हायचं, आणि ते फक्त हवेविषयी.

"तिची अट आहे," ते म्हणाले. "मी तिच्या शेजारी बसायचं. शेवटपर्यंत. मी उठलो तर तीही उठेल आणि थेट एअरपोर्टवर जाईल. आणि मग पुन्हा येणार नाही."

"मग बसा ना! त्यात काय आहे?"

"तू किती सहज बोलतेस, अपस्टेअर्स. मी हे कधी केलेलं नाही."

मला रागच आला. चाळीस नाटकं बसवणाऱ्या माणसाला दोन तास बसता येत नाही म्हणजे काय! मी साधी लाकडी खुर्ची ओढली, म्हटलं, "बसा. आत्ता." मोबाइलवर टायमर लावला. ते बसले. आधी गुडघे हलायला लागले, मग बोटं, मग त्यांना आठवलं की बाहेरचा दिवा चालू राहिलाय. चार मिनिटं झाली होती.

तेव्हापासून आमची रोज संध्याकाळी बसण्याची तालीम सुरू झाली. मी समोर भाजी निवडायची, ते बसायचे. सहा मिनिटं. नऊ. एकदा एकदम अठरा झाली, तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. पहिला अंकच पंचेचाळीस मिनिटांचा होता. उठले की मी म्हणायची, "नॉख माल," आणि ते माझ्याकडे असं बघायचे की मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. मखमलीच्या खुर्चीवर बसून करू या का, असं मी एकदा सुचवलं. ते निघून गेले. दाराबाहेर टेबल सरकवल्याचा आवाज आला.

मुलगी शुक्रवारी आली. पन्नाशीची, उंच, पांढरे केस बारीक कापलेले, हातात एकच छोटी बॅग. ती बॅग तिनं उघडलीच नाही, दाराशी ठेवली. दोघं एकमेकांशी हवेविषयी बोलले. नोव्हेंबरातल्या मिशिगनमध्ये तो विषय फार पुरत नाही.

शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग होता. आम्ही कट करून त्यांचा कोट लपवला होता, कल्पना काकूंची. मी तो विंगेतल्या कपड्यांच्या पेटीत तळाशी घातला. मिलिंद म्हणाला, "यार, ते जर्मन आहेत, स्वेटरवरसुद्धा जातील." पडद्याच्या फटीतून मला पहिल्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या दिसत होत्या. ते ताठ बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर. मुलगी समोर बघत होती.

मिलिंदनं मोबाइलवरून पहिली घंटा दिली. मग दुसरी. तिसरी घंटा झाली आणि ते उठले. सवयीनं खुर्चीच्या पाठीवर कोट चाचपला, नव्हता, तरी निघाले. मुलीनं मान वळवली नाही. तिनं फक्त आपली पर्स मांडीवर घेतली. ते दाराच्या दिशेनं गेले तेवढं मला दिसलं आणि हॉलमधले दिवे गेले. मी मनातल्या मनात त्यांना अशा शिव्या घातल्या की सांगलीत ऐकणाऱ्यानंही कानांवर हात ठेवले असते. पडदा उघडला होता. मला पहिलं वाक्य पुरवायचं होतं आणि वहीतली अक्षरं दिसत नव्हती, कारण मी रडत होते.

अनघाचा पहिला प्रवेश नीट झाला. मग मिलिंदची ती जागा आली. आणि मिलिंद, सगळं शिकवलेलं विसरून, दार ढकलून झपकन आत आला, खिशात किल्ली असल्यासारखा.

अंधारातून, पहिल्या रांगेतून आवाज आला, "नॉख माल!"

मिलिंद जागच्या जागी थिजला. एका लहान मुलीचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं, "मॉम, इज दॅट इन द प्ले?" मिलिंदनं विंगेत माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? मी मान हलवली, म्हटलं, जा. तो वळला, बाहेर गेला, दार ओढून घेतलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग दारावर टकटक झाली, अगदी हलकी, त्यानं तालमीत एकदाही केली नव्हती अशी. अनघानं दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, पायांकडे बघत, आणि पुढचं वाक्य त्याला सुचेना. मी ते पुरवलं नाही. प्रॉम्प्टर म्हणून ती माझी एकमेव चांगली कामगिरी. अनघा म्हणाली, "ये ना, दादा," आणि तेव्हा तो आत आला.

मध्यंतरात मी धावत काकूंकडे गेले. त्या हॉलच्या दाराशी डबे मांडून उभ्या होत्या. म्हटलं, "काकू, ते परत कसे बसले?"

"ते होय! घंटा झाली अन् बोंडे मागाले आले ना माझ्यापाशी," काकू म्हणाल्या. "भूक लागली असंन. म्या म्हटलं, इंटरव्हलात भेटतीन, आधी बसा जाऊन. हात धरून बसवून आली."

चाळीस वर्षांत नट, निर्माते, बायको, मुलगी, कुणालाच जे जमलं नव्हतं, ते काकूंनी आलूबोंड्याच्या हिशेबानं करून टाकलं. पण मध्यंतरात तर वाट मोकळी होती. ते उठले नाहीत. खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसून होते. दुसऱ्या अंकात मी फटीतून मधूनमधून बघत होते. मिलिंद एके ठिकाणी अडखळला, एके ठिकाणी दिव्यांचा घोळ झाला. दर चुकीला त्यांचा खांदा उडायचा, आणि दर वेळी शेजारी बसलेल्या लेकीचा हात त्यांच्या बाहीवर यायचा.

नाटक संपलं, टाळ्या झाल्या, लोक काकूंच्या डब्यांकडे गेले. आम्ही खुर्च्या घडी करायला लागलो तरी ते बसलेलेच. मी पेटीतून कोट काढून नेऊन दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अँड नाऊ?" त्यांनी विचारलं. "आता लोक काय करतात?"

मी हसले. मग लक्षात आलं, ते खरंच विचारत होते.

मुलगी म्हणाली, "आता नाटक कसं झालं ते एकमेकांना सांगतात, पपा."

"कसं झालं?"

तिनं थोडा विचार केला. "तो पहिल्यांदा आला ते वाईट होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा आला ते चांगलं होतं."

मान हलवून ते कोट घालू लागले. बटणं लागेनात. ती तिनं लावली.

रविवारी सकाळी मी चहा करायला खाली आले. दाराशी ठेवलेली बॅग तिथे नव्हती. स्वयंपाकघरात कॉफीचा वास येत होता आणि मुलगी शेगडीपाशी उभी होती, पायात त्यांचे जाड मोजे. बॅग जिन्याच्या कठड्याला अडकवलेली, उघडी. कोबी जमिनीवर होता. आणि ते मखमलीच्या खुर्चीवर बसले होते, पाठ टेकून.

ते एकदा डावीकडे सरकले, एकदा उजवीकडे, मग कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघायला लागले.

"अपस्टेअर्स," ते म्हणाले, "ही खुर्ची टोचते. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही मला."